दुसरी यादी

गोवंडी स्टेशनातून बाहेर पडून देवनारच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचं फाटक येतं. मुंबईकर हा भाग ओळखतो तो कत्तलखान्यावरून, कचऱ्याच्या डोंगरावरून आणि पलीकडच्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रावरून. लोकसंख्येच्या या संस्थेचं नाव सहसा कुणाच्या तोंडी नसतं. पण भारतातली बाई सरासरी किती मुलांना जन्म देते, हजारातली किती बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जातात, हे आकडे ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येतात, त्याची सूत्रं १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून इथेच आहेत. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशाचा एकूण जननदर २.० आला, महाराष्ट्राचा १.७.

या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न वाचकाने जरूर विचारावा. त्याचं उत्तर देताना लोकसंख्याशास्त्राच्या एका जुन्या पद्धतीची कुळकथा सांगावी लागते. एकच गोष्ट दोघांनी, एकमेकांना न विचारता, मोजायची आणि मग दोन याद्या शेजारी ठेवायच्या, ही ती पद्धत.

आपल्याकडे पहिली यादी फार जुनी आहे. मुंबई शहराची शिरगणती १८६४ मध्ये झाली, सबंध देशाची एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १८८१ ची. पण जनगणना दहा वर्षांतून एकदा. मधल्या काळात किती जन्मले, किती गेले, हे कळायला गावची वही हवी. मुंबई इलाख्यात ती पाटलाच्या दप्तरात असे, आणि पाटलाला दुसरीही शंभर कामं असत. घरच्यांनी येऊन सांगितलं तर नोंद, नाही तर नाही. देवी टोचणारे सरकारी कर्मचारी गावोगाव फिरत, तेव्हा समोर आलेली लहान मुलं वहीत आहेत की नाहीत हे पडताळत. दुसऱ्या यादीची आपल्या मुलखातली पहिली चाहूल मला इथे दिसते. मात्र तिचा उपयोग सुटलेलं नाव वहीत चढवण्यापुरताच होता. वही आणि टोचणारा या दोघांच्याही नजरेतून निसटलेलं मूल, त्याचं काय, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

तो विचारायला हवा होता, हे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने दाखवलं. त्या साथीत वही लिहिणारेच आजारी पडले. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा दिसलं की दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली आहे. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात असं त्या एकाच दशकात घडलं. साथीत माणसं नेमकी किती गेली याचे अंदाज आजही अभ्यासक वेगवेगळे देतात, कारण ज्या महिन्यांत मृत्यू सर्वांत जास्त झाले त्याच महिन्यांत नोंदी सर्वांत कमी झाल्या.

दोघांच्याही नजरेतून सुटलेलं मोजता येतं, ही कल्पना युरोपात आधीच वापरात होती. फ्रान्सची पूर्ण शिरगणती न करता तिथली लोकसंख्या काढायचा प्रयत्न गणितज्ञ लाप्लास यांनी १८०२ मध्ये केला, तो याच जातीच्या गणिताने. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन १८९० च्या दशकात मासे धरून, त्यांना खूण करून परत सोडत होते. दुसऱ्या खेपेला जाळ्यात आलेल्या माशांत खुणेचे किती, यावरून पाण्यात एकूण मासळी किती याचा हिशेब लागतो. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या माणसाला हे समजावायला सूत्र लागणार नाही. जाळ्यात वारंवार खुणेचाच मासा येत असेल तर पाणी रिकामं होत आलं आहे. खुणेचा क्वचितच येत असेल तर अजून पुष्कळ आहे.

माणसांच्या जन्ममृत्यूंना हे लागू केलं कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये. अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेचं तिथे आरोग्य केंद्र होतं, आणि संस्थेत सी. चंद्रशेखरन संख्याशास्त्र शिकवत. बंगालमध्ये जन्ममृत्यूची वर्दी चौकीदार देई, ती निबंधकाच्या वहीत चढे. १९४७ मध्ये चंद्रशेखरन यांनी त्या वहीकडे न पाहता घरोघर माणसं पाठवून मागच्या दोन वर्षांतले जन्ममृत्यू विचारून घेतले आणि दोन याद्या एकेका नावाने जुळवल्या. या कामात त्यांचे सहलेखक होते डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग, पुढे जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देऊन जगभर गाजलेले. दोघांचा निबंध १९४९ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापून आला.

त्यातलं सूत्र शाळकरी मुलालाही करता येईल. हिशेबापुरतं एक गाव धरू. निबंधकाच्या वहीत ८० जन्म आहेत, घरोघर फिरणाऱ्याच्या यादीत ९०. जुळवून पाहिल्यावर ७२ जन्म दोन्हींत निघाले. म्हणजे ८ फक्त वहीत, १८ फक्त फिरणाऱ्याकडे. आता ८ ला १८ ने गुणायचं आणि ७२ ने भागायचं. उत्तर २. हे दोन जन्म कुणाच्याच कागदावर नाहीत. गावातले एकूण जन्म १००. यामागचा तर्क असा: फिरणाऱ्याला सापडलेल्या ९० पैकी ७२, म्हणजे शंभरी ८०, वहीत होते. तेव्हा वही एकूणच शंभरातले ८० पकडते असं धरायला हरकत नाही. वहीत ८० आहेत, म्हणजे सगळे मिळून १००.

हरकत मात्र एका ठिकाणी आहे, आणि ती निबंधाच्या लेखकांनीच नीट मांडली आहे. दोन याद्या एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र हव्यात. फिरणाऱ्याने आधी निबंधकाची वही चाळली तर सगळं फुकट. त्याहून अवघड अडचण अशी की काही घरं, काही जन्म दोघांपासूनही लपलेले राहतात. बारशाआधीच गेलेलं बाळ घ्या. त्याला नाव नाही, त्याची वर्दी द्यायला कुणी जात नाही, आणि दारात आलेल्या परक्या माणसासमोर आईला ते बोलवत नाही. पहिल्या यादीतून ज्या कारणाने ते सुटतं, त्याच कारणाने दुसरीतूनही सुटतं. अशा वेळी सूत्र कमी उत्तर देतं. यावर चंद्रशेखरन आणि डेमिंग यांचा उपाय होता तो सगळ्यांचा एकच हिशेब न करता सारख्या लोकांचे छोटे गट पाडून प्रत्येक गटाचा वेगळा हिशेब करायचा. दोष त्याने पुरता जात नाही, कमी होतो.

याच चंद्रशेखरन यांच्यामुळे ही कथा ट्रॉम्बेच्या परिसरात येते. १९५६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांनी मिळून चेंबूरला लोकसंख्याशास्त्राचं प्रशिक्षण व संशोधन केंद्र सुरू केलं. आशिया आणि अतिपूर्वेसाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने निघालेलं हे पहिलंच केंद्र. चिलीतल्या सांतियागोचं त्यानंतर, १९५७ मध्ये निघालं, कैरोचं १९६३ मध्ये. चंद्रशेखरन पुढे चेंबूरच्या केंद्राचे संचालक झाले. केंद्राचं नाव १९७० मध्ये बदललं, १९८५ मध्ये पुन्हा बदललं आणि त्याच वर्षी त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तीच आजची देवनारची संस्था.

दरम्यान दुसरी यादी देशाच्या कारभारात शिरली होती. महानिबंधकांच्या कार्यालयाने १९६४-६५ मध्ये नमुना नोंदणी पद्धतीचे प्रयोग केले आणि १९६९-७० पासून ती देशभर लागू झाली. देशातली काही गावं आणि शहरांतले काही गट नमुना म्हणून निवडतात. त्या गटातलाच कुणी, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर जन्ममृत्यू टिपून ठेवतो. दर सहा महिन्यांनी बाहेरून एक पर्यवेक्षक येतो, घरोघर जाऊन मागच्या सहा महिन्यांचं स्वतंत्रपणे विचारतो. मग जुळवणी. इथे सिंगूरच्या पद्धतीत भारताने एक भर घातली आहे. जे जुळत नाही ते सूत्राने भरून काढत नाहीत. पुन्हा त्या घरी जाऊन शहानिशा करतात. मला ही भर मूळ सूत्राइतकीच मोलाची वाटते.

पर्यवेक्षकाचं काम जवळून पाहावं असं आहे. सहा महिन्यांपूर्वी कोणती तारीख होती हे घरच्या माणसाला सांगता येत नाही. तेव्हा विचारावं लागतं: बाळ झालं ते दिवाळीच्या आधी की नंतर? संक्रांतीला पोटात होतं की मांडीवर? मग प्रश्न येतो माहेरचा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. कायद्याने जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, म्हणजे सातारची सून कोल्हापूरला बाळंत झाली तर दाखला कोल्हापूरचा. नमुना नोंदणीत मात्र तो जन्म तिच्या नेहमीच्या राहत्या घराच्या नावे धरायचा. हे पक्कं नसेल तर एकच बाळ दोन गावांत मोजलं जाईल, नाही तर कुठेच नाही. आणि बारशाआधी गेलेल्या बाळासाठी तक्त्यात आणखी एक रकाना आहे: घरात कुणी गरोदर आहे का? एका फेरीत ‘आहे’ असं लिहिलं की पुढच्या फेरीत त्या गरोदरपणाचं काय झालं हे विचारावंच लागतं. बाळ समोर नसेल तर का नाही, हे लिहूनच पुढे जायचं. दोन्ही याद्यांपासून लपणाऱ्या मृत्यूला गाठायचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत चांगला मार्ग.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने जन्ममृत्यूंची अशीच दुहेरी नोंद ठेवली. गावातला आरोग्यदूत टिपतो आणि ठरावीक काळाने घरोघरच्या पाहणीतून ते पडताळलं जातं. नवजात बाळांना घरीच उपचार देऊन मृत्यू कमी होतात, हे त्यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलं तेव्हा जगाने ते मानलं, त्याला या नोंदींचा मोठा आधार होता. पुढे महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत आणि वस्त्यांत बालमृत्यू मोजले. ‘कोवळी पानगळ’ हा त्यांचा २००१ चा अहवाल. राज्यातले बहुतेक बालमृत्यू सरकारी अहवालांत येतच नाहीत, हे त्यातून उघड झालं आणि विधिमंडळापासून न्यायालयापर्यंत त्यावर बोललं गेलं. सरकारची यादी एकटीच असती तर ती खोटी आहे हे कळायला वाव नव्हता.

देवनारच्या संस्थेपासून जवळच दुसऱ्या यादीची आणखी एक शाखा फुटली, आणि ती कुठल्याही वर्गात जन्मली नाही. मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीची जागा अणुसंशोधन केंद्रासाठी हवी होती. ४ जानेवारी १९७६ रोजी राज्य सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणती केली आणि मोजलेल्या कुटुंबांना फोटोपास दिले. त्या दिवशी यादीत नाव आलं तर पर्यायी जागेवर हक्क, नाही आलं तर नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आणीबाणीच्या काळात जनता कॉलनी पाडली गेली आणि माणसं ट्रॉम्बेला चीता कॅम्पमध्ये नेऊन सोडली गेली. या लढ्यात पुढे असलेले जोकिन अर्पुथम यांनी झोपडपट्टीवासीयांची राष्ट्रीय संघटना उभी केली. आपली यादी आपणच करायची, हे या संघटनेचं आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या ‘स्पार्क’ या स्वयंसेवी संस्थेचं पुढे मोठं हत्यार ठरलं. १९८५ मध्ये ‘स्पार्क’ने मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांची गणती प्रसिद्ध केली. कुठल्याही सरकारी यादीत नीट न आलेली ही कुटुंबं तिथे घराघराने मोजलेली होती. वस्तीतल्याच बायकांनी आपली वस्ती मोजायची, नकाशा करायचा आणि तो पालिकेच्या टेबलावर ठेवायचा, ही रीत मुंबईहून दक्षिण आफ्रिका, केनिया अशा देशांत गेली. अर्पुथम यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये ते गेले.

जनगणनेलाही आपली दुसरी यादी आहे. गणना संपल्यावर निवडक गटांत पुन्हा मोजणी करून किती सुटले ते काढतात. १९५१ मध्ये ते प्रमाण दर हजारी ११ होतं. २०११ मध्ये २३ निघालं. १२१ कोटींच्या देशात दर हजारी २३ म्हणजे पावणेतीन कोटींहून जास्त माणसं, आणि प्रसिद्ध झालेल्या एकूण आकड्यात ती मिळवलेली नसतात. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. १५ नोव्हेंबर २०२२ ला जग ८०० कोटींवर गेलं, २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं असं संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलं, तेव्हा आपली शेवटची शिरगणती बारा वर्षांची जुनी होती. ती घोषणा २०११ च्या पायावर उभी होती. वरचं सगळं बांधकाम जन्मदर आणि मृत्युदरांचं, म्हणजे पर्यवेक्षकांच्या सहामाही फेऱ्यांचं आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं.

आता २०२७ ची जनगणना मोबाइलवर होणार आहे, कुटुंबांना स्वतःची माहिती स्वतः भरता येणार आहे. काम झपाट्याने होईल. पण ज्याच्याकडे फोन नाही, ज्याच्या खोलीला नंबर नाही, जो भाड्याच्या माळ्यावर पाळीपाळीने झोपतो, तो मोबाइलवरूनही सुटेल आणि प्रगणकाच्या फेरीतूनही. गोवंडी, मानखुर्द, चीता कॅम्प, शिवाजीनगर मिळून होणाऱ्या एम पूर्व विभागात अशी माणसं दाट राहतात. फेरतपासणीचा नमुना देशभर इतका विरळ असतो की एका वॉर्डात किती सुटले हे त्यातून निघत नाही. या विभागापुरती दुसरी यादी वेगळी व्हावी आणि ती करताना चीता कॅम्पच्या बायकांना बरोबर घ्यावं. मोजायचं कसं ते त्यांना येतं, आणि जुळवायचं कसं ते शिकवणारी संस्था जवळच आहे.