तपासणीच्या कागदावरील चाकांचे दोष

गाडी तपासणीला दिली की संध्याकाळी हातात एक कागद पडतो. इंजिन, ब्रेक, बॅटरी यांपुढे 'ठीक' असे लिहिलेले असते आणि चाकांच्या रकान्यात मात्र चार-पाच शेरे असतात : पुढचा डावा टायर आतून घासला, मागच्या उजव्या चाकात हवा कमी, रिमला मार, बॅलन्सिंग आवश्यक. यांपैकी एकाही दोषाने गाडी बंद पडत नाही. म्हणून तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो आणि पुढच्या तपासणीपर्यंत तेथेच राहतो. नवी मुंबईकरांना हे परवडणारे नाही. एरवी वाशी ते बेलापूर एवढाच फेरा मारणारी गाडी शनिवारी कळंबोलीवरून द्रुतगती मार्गाला लागते आणि तीच चाके ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने दीड-दोन तास अखंड फिरतात.

दोष किरकोळ की गंभीर, हे ठरविण्याची पहिली कसोटी कायद्यानेच दिली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ वा नियम टायरच्या स्थितीविषयी आहे. कारच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे. टायरमधील धागे उघडे पडलेले नसावेत आणि त्यावर कोठेही फुगवटा नसावा. खोली मोजायला यंत्र लागत नाही. टायरच्या कडेवर लहान त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे असतात. त्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसतो. टायर घासत त्या उंचवट्याच्या पातळीवर आला, की त्याचे आयुष्य संपले. काडेपेटीतील काडी साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते. ती खाचेत आडवी ठेवली असता वर डोकावू लागली, तर पावसाळ्यापूर्वी टायर बदलणेच बरे. कायद्याची मर्यादा ही शेवटची पायरी आहे. साचलेले पाणी खाचांतून बाहेर फेकण्याची टायरची ताकद त्याआधीच बरीच कमी झालेली असते.

फुगा आलेला टायर मात्र एक दिवसही चालवू नये. शीव-पनवेल महामार्गावरील खड्ड्यात चाक आपटले, की रिम आणि रस्ता यांच्यात टायरची कड चिमटली जाते आणि आतील दोऱ्यांचे पदर तुटतात. उरते ते केवळ रबर, आणि हवेच्या दाबाने ते बाहेर येते. यावर दुरुस्ती नाही. 'गाव येईपर्यंत चालेल' असे सांगणारा कोणी भेटला तर त्याचे ऐकू नये.

हवा हळूहळू उतरण्याचा दोष या शहरात फार आढळतो. बांधकामांवरचे खिळे, कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे ये-जा करणाऱ्या ट्रकमधून पडणारे पत्र्याचे तुकडे, कंटेनरांची वर्दळ, अशी त्याला अनेक कारणे आहेत. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा अडकून बसला तरी हवा चटकन जात नाही, आठवड्याला चार-पाच पौंड उतरते. खिळा न सापडल्यास साबणाचे पाणी व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला लावून पाहावे. जुन्या व्हॉल्व्हच्या रबराला भेगा पडलेल्या असतात. तो अगदी थोड्या पैशांत बदलून मिळतो आणि नवा टायर बसविताना तर तो बदलावाच. रिमच्या कडेला गंज किंवा जुना चिकट थर असेल, तर टायर उतरवून कड घासून घेतल्यावर गळती थांबते.

पंक्चर काढताना शेजारी उभे राहावे, हा सल्ला उगाच दिलेला नाही. एका छिद्राची तीन छिद्रे झाल्याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. पाण्यात बुडबुडे कोठून येतात ते स्वतः पाहावे आणि मगच पुढच्या कामाला होकार द्यावा. बाहेरून खुपसलेल्या रबरी स्ट्रिपने तात्पुरते काम भागते. लांबच्या प्रवासासाठी टायर उतरवून आतून लावलेला मशरूम पॅच अधिक भरवशाचा. मात्र छिद्र सहा मिलिमीटरपेक्षा मोठे असेल किंवा ते टायरच्या खांद्यावर अथवा कडेवर असेल, तर दोन्ही उपाय निरुपयोगी ठरतात.

झीज कोठे झाली आहे, यावरून कारण ओळखता येते. मधोमध घासलेला टायर जास्त हवेचा, दोन्ही कडांनी घासलेला कमी हवेचा. एकाच कडेला घासलेला असेल तर चाकाचा कोन बिघडला आहे. आतली कड उभ्या गाडीत दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून पाहावे लागते. नेमका येथेच बहुतेकांचा घात होतो. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून धागे बाहेर आलेले असतात. ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज असेल, तर शॉक अॅब्सॉर्बर तपासावेत. व्हील अलाइनमेंटपूर्वी स्टिअरिंगचे सांधे आणि बुश ढिले नाहीत ना, हे पाहून घ्यावे. ते ढिले असतील तर अलाइनमेंटचे पैसे वाया गेले असे समजावे. काम झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागावा. यंत्र असेल तेथे तो मिळतो.

बॅलन्सिंगचा दोष निराळा. गाडी एका बाजूला ओढत नाही, पण ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरते. रिमला चिकटविलेले शिसाचे वा लोखंडाचे छोटे वजन निखळले, तरी एवढे पुरते. वाकलेल्या रिममुळेही थरथर येते. लोखंडी रिम ठोकून सरळ करता येते. मिश्रधातूच्या रिमची किरकोळ वाकण यंत्रावर निघते, पण तडा गेला असेल तर वेल्डिंगवर विसंबू नये.

हवेबाबत एक गैरसमज अजूनही घट्ट आहे : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असा. खरे तर उलट घडते. हवा कमी असली की टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतात, त्यातून उष्णता वाढते आणि सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर वेगात धावताना तोच टायर आधी फुटतो. योग्य दाब चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेला असतो. तो गाडी तीनएक तास उभी असताना मोजावा. तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. नायट्रोजन भरण्यास हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे पैसे देताना लक्षात असू द्यावे. समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन खात्याने तेथे टायर तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठविल्या. चालकांना हा विषय तेव्हा कुठे गंभीर वाटू लागला.

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते. त्या वेळी एमएच-४३ च्या गाड्यांना वाशीच्या आणि एमएच-४६ च्या गाड्यांना पनवेलच्या परिवहन कार्यालयाकडून तपासणी करून घ्यावी लागते. अशा जुन्या, कमी फिरलेल्या गाड्यांचे टायर खाचांनी चांगले दिसतात, पण वयाने म्हातारे असतात. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कडांना बारीक भेगा पडल्या असतील, तर खाचांची खोली मोजत बसू नये. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवी जोडी मागे लावावी. पुढे इंजिनची ओढ असलेल्या गाड्यांतही हेच योग्य, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी सावरणे फार अवघड जाते.

स्टेपनीकडे कोणी पाहत नाही, त्यामुळे ऐन वेळी तीही बसलेली आढळते. २०२० मधील नियमदुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरली नाही. तेव्हा आपल्या गाडीत स्टेपनी आहे की नुसता संच, हे डिकी उघडून एकदा पाहून घ्यावे. आणि चाके काढून बसविल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर झाले की नटांना पुन्हा पाना लावावा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळत. पान्यावर उभे राहून नट आवळण्याची काही ठिकाणची पद्धत मोडून काढावी. रात्री भर पावसात तेच नट आपल्याला सोडवायचे असतात.