दारातील हत्ती आणि बेगमपेठेतील विमान

दक्षिणेतील दरबारी वैभवाचे वर्णन करताना ‘दारी हत्ती झुलतो’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे. परंतु हत्ती विकत घेणे हे त्यातील लहान काम होय. तो पोसणे हे मोठे. माहूत, चारा आणि पीलखाना यांचा खर्च हत्ती बाहेर पडो वा न पडो, चालूच राहतो. विसाव्या शतकात हत्तीची ही जागा लहान विमानाने घेतली. त्याच्या मालकीत सुख किती आणि ओझे किती, याचा हिशेब हैदराबादच्या इतिहासात चांगला मांडता येतो.

हैदराबादचे नाव आकाशात गेले ते प्रथम दानाच्या रूपाने. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीस निजाम मीर उस्मान अली खान यांनी विमाने भेट दिली. प्रत्येक विमानावर दात्याचे नाव कोरलेले होते आणि ती तुकडी ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दान देणाऱ्यास पैसा एकदाच मोजावा लागतो. विमान बाळगणाऱ्याची गोष्ट निराळी.

सामान्य धनिकाने विमान बाळगावे ही कल्पना शक्य झाली ती १९२५ मध्ये. त्या वर्षी जेफ्री डी हॅविलंड या इंग्रज अभियंत्याने ‘मॉथ’ हे दोन आसनांचे विमान आकाशात नेले. प्लायवूडचे धड, लिननने मढविलेले पंख आणि ते पंख मागे घडी करून विमान मोटारीच्या गॅरेजमध्ये ठेवण्याची सोय, अशी त्याची रचना होती. १९२९ च्या सुमारास शंभर अश्वशक्तीच्या ‘जिप्सी मॉथ’ची इंग्लंडातील किंमत ६५० पौंड होती. तेव्हाच्या दराने हे ८,६०० हून अधिक रुपये होतात. १९२७ च्या चलन कायद्याने ठरविलेला सोन्याचा भाव तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै होता. म्हणजे एका विमानाच्या किमतीत ४०० तोळ्यांहून अधिक सोने आले असते.

आणि हा केवळ आरंभ! लिनन ताठ ठेवण्यासाठी त्यास रोगणाचे हात द्यावे लागत. पावसाळ्यातील दमट हवा लाकडास व सरसाच्या सांध्यांस मानवत नसे. पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचा मॉथ पुढे निघाला. ठराविक तास उड्डाण झाले की इंजिन उकलून तपासावयाचे, उड्डाणयोग्यतेच्या दाखल्याचे नूतनीकरण करावयाचे, हँगरचे भाडे द्यावयाचे आणि जाणता यांत्रिक पदरी ठेवावयाचा. पेट्रोल त्याखेरीज.

मग माणसे या नादी लागली तरी का? ताशी ८५ मैलांच्या वेगाने, उघड्या बैठकीतून, हुसेनसागराचे पाणी आणि गोवळकोंड्याभोवतीचे अवाढव्य खडक एका दृष्टिक्षेपात पाहावयास मिळणे, हे सुख बैलगाडीच्या वा आगगाडीच्या प्रवाशाच्या वाट्यास कसे येणार? त्याहून मोठे सुख होते ते सोबत्यांचे. आगाखान यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावले होते. १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर हा तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यास दिला. बक्षीस अस्पीने जिंकले. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

त्या एका प्लगमध्ये या साऱ्या प्रश्नाचे उत्तर सामावलेले आहे. लहान विमान सर्वात महाग पडते ते उडताना नव्हे, तर नुसते उभे असताना. समजा, वर्षाचा अटळ खर्च दोन हजार रुपये आहे. एकट्या मालकाने वर्षात वीस तास उड्डाण केले, तर तासास शंभर रुपये पडतील. तेच विमान अनेकांनी मिळून चारशे तास उडविले, तर पाचच रुपये पडतील. पेट्रोल दोघांनाही लागणारच. परंतु माहूत आणि पीलखाना वाटून घेता येतो.

याच विचाराने १९२८ पासून मुंबई, दिल्ली इत्यादी शहरांत फ्लाइंग क्लब निघाले. हैदराबादेतही १९३० नंतरच्या दशकात एरो क्लब स्थापन झाला आणि त्याच्याबरोबर बेगमपेठेचा विमानतळ आकारास आला. १९३७ मध्ये तेथे इमारत उभी राहिली. टाटांनी १९३२ मध्ये ‘पस मॉथ’ या लहान विमानांवर कराची ते मद्रास टपाल सुरू केले होते. त्या मार्गावर पुढे हैदराबाद हा थांबा झाला. १९४५ मध्ये निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतून ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी निघाली.

या व्यवस्थेचे खरे फळ पैशात मोजता येत नाही. प्रेम माथुर यांनी अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबमधून १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला. स्त्रीच्या हाती विमान देण्यास अनेक कंपन्यांनी नकार दिला. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने मात्र त्यांना नेमले. १९४९ मध्ये राष्ट्रीय विमानशर्यत त्यांनीच जिंकली. विमान शिकण्यासाठी विमानाचे मालक असावे लागते, हा दंडक तेथे मोडला.

१९५३ मध्ये डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २००८ च्या मार्चमध्ये बेगमपेठेची प्रवासी वाहतूक शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली. ज्यांनी लाकडाची व कापडाची ती विमाने हौसेने घेतली, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे विस्मृतीत गेली आहेत. परंतु ज्यांनी ती दुसऱ्याच्या हाती दिली, त्यांनी वैमानिकांची एक पिढी घडविली. हत्ती दारात झुलत राहिला तर तो एका घराचे वैभव असतो. त्याच्या पाठीवर गावाला बसावयास मिळाले, तरच त्याचा चारा सार्थकी लागतो.