हैबतबाबा आणि दिंडीचा चोपदार

युरोपात शेकडो कंठांना एका सुरात बांधणाऱ्या वृंदनायकांची चरित्रे स्वतंत्र ग्रंथांचे विषय झाली. आपल्याकडे तसे फारसे घडले नाही. याचे कारण आपल्याकडे समूहगान नव्हते हे नव्हे, तर ते उघड्या माळावर आणि चालत्या पायांनी होत असल्यामुळे विद्वानांनी त्याला संगीताच्या खात्यात न धरता भक्तीच्या सदरी खर्ची घातले, हे आहे. वास्तविक आषाढी वारीतील भजनाएवढे मोठे, दीर्घकाळ टिकलेले आणि शिस्तबद्ध समूहगान जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. आणि त्या शिस्तीचा एक धागा कोगनोळी-निपाणीच्या याच मुलखाशी जुळलेला आहे.

कोगनोळीहून पूर्वेस, चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी अंकली हे शितोळे सरदारांचे गाव आहे. या घराण्याच्या आश्रयाने ज्या पुरुषाने वारीला तिचे आजचे रूप दिले ते हैबतबाबा पवार हे सातारा प्रांतातील आरफळचे देशमुख, आणि पेशाने ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. गावी परतत असता सातपुड्यात भिल्लांनी त्यांना धरून गुहेत कोंडले, तेथे त्यांनी अखंड हरिपाठ चालविला, आणि सुटका होताच घरची वाट सोडून ते आळंदीस माउलींच्या समाधीपाशी राहिले, अशी परंपरेची कथा आहे. कथेतील तपशील कोणी मानो वा न मानो, दरबारी चाकरीत मुरलेला मनुष्य भजनात आला ही गोष्ट मात्र त्याने पुढे जे केले त्यावरून स्पष्ट दिसते.

ज्ञानदेव आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एका पालखीत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली पाडला होता. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींची पालखी स्वतंत्र केली, आणि अंकलीच्या शितोळ्यांनी तिच्यासाठी घोडे, तंबू, जरिपटका व सेवेची माणसे पुरविली. नेमलेले तळ, ठरलेला क्रम, कूच करण्याचे इशारे, ही सारी लष्करी छावणीची रीत भजनी लोकांच्या अंगवळणी पडली ती तेव्हापासून. आजही पहाटे तळावर कर्णा तीनदा वाजतो: पहिल्याला राहुट्या उतरतात, दुसऱ्याला दिंड्या सज्ज होतात, तिसऱ्याला पालखी हलते. रथापुढे सत्तावीस दिंड्या मानाच्या क्रमाने चालतात, आणि कोणता अभंग कोणत्या वेळी म्हणावयाचा याचीही परिपाटी ठरलेली आहे. भक्तीत ही शिपाईगिरी कशाला, असे म्हणणारे असतात. परंतु हजारो माणसे एका वाटेवर गात असता व्यवस्था नसेल तर तेथे भजन न होता निव्वळ कोलाहल होईल, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

दिंडीची अंतर्गत रचनाही पाहण्यासारखी आहे. पुढे पताका, मग दोन्ही अंगांस टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंगी, मागे गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी आणि त्यामागे तुळशी घेतलेल्या स्त्रिया. चाल वीणेकऱ्याची, लय मृदंग्याची. टाळकऱ्यांनी ती उचलावयाची आणि चढत्या गतीत पावल्या टाकीत शेवटास न्यावयाची. आवाज चढाच लावतात, कारण उघड्या रानात खर्जाचा सूर दहा पावलांपलीकडे जात नाही.

परंतु या सर्वांवर ज्याची सत्ता चालते तो चोपदार स्वतः गात नाही. सायंकाळी तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ शिगेस पोहोचलेला असतो, आणि चोपदार आपला चांदीचा चोप वर उचलतो. क्षणार्धात सारे थांबते. फ्रेंच दरबाराचा संगीतकार लुली जाड काठी जमिनीवर आपटून ताल धरीत असे, आणि १६८७ साली तीच काठी पायावर बसून झालेली जखम चिघळल्याने त्याचा अंत झाला. आमच्या चोपदाराला काठी आपटावी लागत नाही. त्याचे काम ताल देण्याचे नसून शांतता मिळविण्याचे आहे.

या शांततेला एक अपवाद आहे, आणि माझ्या मते हैबतबाबांच्या परंपरेचे मर्म त्यातच आहे. ज्या दिंडीला दिवसभरात काही गाऱ्हाणे असेल, तिचे टाळ चोप वर गेल्यावरही वाजत राहतात. मग चोपदाराला त्या दिंडीपाशी जाऊन तक्रार ऐकून घ्यावी लागते, तिचे समाधान करावे लागते. ते टाळ थांबल्यावर हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावे पुकारली जातात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते. नायकाने इशारा करूनही न थांबण्याचा हक्क गाणाऱ्याला रीतसर दिलेला आहे, असे दुसरे वृंदगान माझ्या पाहण्यात नाही.

हैबतबाबा १८३६ साली वारले. आळंदीच्या महाद्वारातील पायरीशी त्यांची समाधी आहे, आणि कार्तिकी वारीचा आरंभ त्या पायरीच्या पूजनानेच होतो. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, अंकली म्हैसूर राज्यात गेली; घोड्यांचा मान मात्र अंकलीकडेच राहिला. कोगनोळी-निपाणीच्या वाचकांनी एखाद्या वर्षी ज्येष्ठ शुद्ध पक्षात तेथे जाऊन माउलींच्या अश्वांचे प्रस्थान पाहावे, आणि सवड काढून निदान एका तळावरची समाजआरती ऐकावी.