मांजरपाट

साध्या विणीचे, कोरे, पिवळसर सुती कापड. पिशव्या, बंड्या, अस्तर यांसाठी वापरतात. नवशिक्याने शिवणाची सुरुवात यावरच करावी: जॉर्जेट, सॅटिनसारखे ते सुईखालून निसटत नाही, नखाने दाबलेली दुमड तशीच राहते आणि चुकलेली टीप उसवता येते.

कोऱ्या कापडाला खळ असते व ते पहिल्या धुण्यात आटते. म्हणून बेतण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून इस्त्री करावी. हे टाळल्यास बेतात बसलेली बंडी पुढे अंगात शिरत नाही. कापडाचा काठ उभ्या धाग्याची दिशा दाखवतो. उभे कापड फारसे ताणत नाही, तिरके म्हणजे उरेब मात्र चांगलेच ताणते. गळ्याची पट्टी त्यामुळेच उरेब कापतात. सरळ कापण्यासाठी एक आडवा धागा ओढून काढावा. उरलेल्या बारीक रेघेवरून कात्री चालवावी. मशीनला १४ नंबरची सुई पुरते.