खांदा दुखतोय, मग व्यायाम बंद करायचा का?

बिरवाडीहून शिवथरघळ फार लांब नाही. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे लिहिला असे परंपरा मानते. समर्थांनी गावोगावी मारुती स्थापले, आणि मारुतीचे देऊळ आले की शेजारी तालीम आली. जोर आणि मुद्गल हे छाती, खांदे, दंड कमावण्याचे आपले जुने मार्ग. पण सांधा दुखू लागला की बहुतेक जण व्यायाम सोडूनच देतात. तुम्हीही सोडला असेल, तर थोडा इतिहास पाहू.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आपला मुद्गल विलायतेत नेला. तिथे तो 'इंडियन क्लब' झाला. पैलवानाचा जड मुद्गल हलका होताच तो बायका-मुलेही फिरवू लागली. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही झाली. व्यायाम तोच राहिला, वजन मात्र माणसाप्रमाणे बदलले.

पुढचे पाऊल दुसऱ्या महायुद्धात पडले. अमेरिकी लष्करातील डॉ. थॉमस डीलॉर्म यांच्याकडे गुडघ्याला दुखापत झालेले अनेक सैनिक होते. डीलॉर्म यांनी त्यांना वजने उचलायला लावली, पण मोजून! 1945 मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तिचे सोपे रूप आले: सलग 10 वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन शोधा, आधी त्याच्या निम्म्याने, मग पाऊण आणि शेवटी पूर्ण वजनाने प्रत्येकी 10 वेळा व्यायाम करा. ताकद वाढली की वजन वाढवा.

सांध्याभोवतीचे स्नायू त्याला आधार देतात. हात वापरणेच सोडले तर स्नायू रोडावतात, खांदा आखडतो आणि दुखणे वाढते.

मग तुम्ही काय कराल? जमिनीवरचे जोर झेपत नसतील तर भिंतीला हात टेकवून काढा. ते जमले की ओट्याच्या कडेला. मनगट दुखत असेल तर मूठ वळून टेका. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे साधारण एक किलो. सुरुवातीला तेवढे पुरे. डोक्यावर हात नेताना कळ येत असेल तर छातीपर्यंतच उचला. आठवड्यातून दोन-तीन दिवस करा.

थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले तर चालेल. तसे नसेल तर वजन कमी करा.

सांधा सुजला, गरम लागला, हाताला मुंग्या आल्या, रात्री झोपमोड होऊ लागली किंवा पडल्यानंतर हात उचलेना, तर आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दाटून येऊन हात दुखत असेल तर तो व्यायामाचा प्रश्न नाही. ताबडतोब रुग्णालय गाठा.