व्यापारी इमारतींतील ऊर्जाबचत : भारतीय कायद्याची वाटचाल

इ. स. १९७३ च्या तेलसंकटाने ऊर्जाबचतीचा प्रश्न जगभर ऐरणीवर आणला. भारतात मात्र या विचारास स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान लाभण्यास २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ऊर्जा संवर्धन अधिनियमान्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता जाहीर झाली. भिंती, छप्पर व काचा यांतून आत येणारी उष्णता, प्रकाशयोजना आणि वातानुकूलन यांविषयी किमान निकष तिने घालून दिले. हवामानानुसार देशाचे पाच विभागही मानले.

तथापि, संहितेत स्थानिक हवामानानुरूप बदल करून ती लागू करण्याचे अधिकार राज्यांकडे असल्याने अंमलबजावणी विषम राहिली. शिवाय संहितेचा मुख्य भर आराखड्यावर होता. इमारत वापरात आल्यानंतरचा वीजवापर देखभालीवर व व्यवस्थापनाच्या शिस्तीवर अवलंबून असतो. त्याच्या मोजमापासाठी २००९ मध्ये तारांकन योजना सुरू झाली, परंतु ती ऐच्छिक होती. २०१७ मध्ये संहिता सुधारण्यात आली आणि २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या.

सारांश, कायद्याने नकाशावर बचत आखून दिली. ती वीजदेयकात उतरविण्याची जबाबदारी मात्र बव्हंशी इमारतीच्या चालकांवरच राहिली.