लाँगब्रिजच्या न निघालेल्या गाड्या

दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षे जगात सर्वाधिक मोटारी निर्यात करणारा देश ब्रिटन होता. जर्मनीचे कारखाने अजून सावरायचे होते. ब्रिटिश सरकारला डॉलरची निकड होती आणि पोलादाचा कोटा माल परदेशी पाठवणाऱ्याच्या पदरात आधी पडे. गिऱ्हाइकांचा तोटा नव्हताच, त्यामुळे गाडी कशी बनते आणि तिच्यावर नेमका किती खर्च होतो, याचा बारकाईने हिशेब ठेवण्याची कोणाला गरज भासली नाही.

1952 साली ऑस्टिन आणि मॉरिस ही जुनी प्रतिस्पर्धी घराणी एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, स्थापन झाली. एकत्र आली ती कागदावर. विक्रेते दोघांचे वेगळेच राहिले आणि त्यांची मने राखण्यासाठी एकच गाडी दोन नावांनी विकली जाऊ लागली. ऑगस्ट 1959 मध्ये आलेली अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनीसुद्धा याला अपवाद नव्हती. इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली, चाके अगदी चार कोपऱ्यांत आणि जेमतेम तीन मीटर लांबीत चार माणसांची सोय, अशी ही अजब गाडी. किंमत 500 पौंडांच्या आत ठेवली होती. फोर्डच्या अभियंत्यांनी एक मिनी विकत आणून तिचा सुटा भाग न् भाग मोजला, तेव्हा दर गाडीमागे बीएमसीला सुमारे 30 पौंडांचा तोटा होत असावा, असा हिशेब निघाला. बीएमसीने तो मान्य केला नाही. पण लाखोंनी खपणाऱ्या या गाडीने कंपनीला कधी श्रीमंत केले नाही, एवढे खरे.

ही उणीव इसिगोनिस यांनी स्वतःच भरून काढली असती. 1967-68 मध्ये बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिज कारखान्यात मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी ‘9एक्स’ नावाची नवी छोटी गाडी आखली. ती मिनीपेक्षा सुमारे 10 सेंटिमीटरने आखूड, तरी आत अधिक ऐसपैस होती. मागे वर उघडणारे दार होते. मिनीत 1951 पासूनचे जुने इंजिन बसवले होते. 9एक्ससाठी मात्र वजनाला हलके, नवे कोरे इंजिन तयार झाले. सुटे भाग कमी, जोडणी सोपी, म्हणून खर्चही कमी येणार होता. नमुना गाड्या रस्त्यावर चालल्यासुद्धा. फियाट 127, रेनो 5 या युरोपच्या छोट्या गाड्या बाजारात येण्याआधीची ही गोष्ट आहे.

आडवे आले ते 1968 चे विलीनीकरण. हॅरल्ड विल्सन सरकारच्या आग्रहाने बीएमसी आणि जॅग्वारचा गट लेलँडच्या दावणीला बांधला गेला. लेलँडकडे ट्रायम्फ आणि रोव्हर आधीपासून होत्या. ब्रिटिश लेलँड नावाच्या या अवाढव्य संसारात देशाच्या बाजारपेठेचा सुमारे 40 टक्के हिस्सा होता, गंगाजळी मात्र तुटपुंजी. प्रमुख डोनल्ड स्टोक्स यांना मधल्या आकाराच्या, नफा देणाऱ्या गाड्या तातडीने हव्या होत्या. मिनी खपत होतीच. मग तिला सवत कशाला, असा विचार झाला आणि 9एक्स बाजूला पडली. मिनी त्याच जुन्या इंजिनाच्या घराण्यावर 2000 सालापर्यंत निघत राहिली.

घरातली भांडणे वेगळीच. रोव्हरने पी8 ही मोठी आलिशान गाडी जवळजवळ सिद्ध केली होती, पत्रा ठोकण्याच्या साच्यांवरही पैसा गेला होता. पण ती जॅग्वारच्या गिऱ्हाइकांवर हात मारेल अशी धास्ती होती, आणि 1971 मध्ये ती रद्द झाली. रोव्हरच्या स्पेन किंग यांच्या पथकाने इंजिन मधोमध बसवून केलेल्या क्रीडा-मोटारीचाही बळी गेला.

जी गाडी निघाली तिचेही मूळ चित्र क्वचितच टिकले. हॅरिस मान यांनी ऑस्टिन अ‍ॅलेग्रो रेखाटली ती सडपातळ आणि बसकी. मग कारखान्यात आधीच असलेले उंच इंजिन आणि मरिना गाडीचा अवजड हीटर तिच्यात बसवायचा हुकूम निघाला. बॉनेट फुगले, अंग सुटले आणि 1973 मध्ये गुबगुबीत अ‍ॅलेग्रो बाजारात आली. भरीस भर म्हणून स्टिअरिंग व्हील गोल नव्हे, चौकोनाकडे झुकणारे. दोष बहुधा आराखड्याच्या माथी मारला जातो. खरे तर तो काटकसरीचा होता.

संप, खराब जोडणी आणि तेलसंकट यांनी 1974 च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आणली आणि 1975 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. मिनीच्या वारसाचा नवा नमुना, एडीओ88, 1977 मध्ये गिऱ्हाइकांना दाखवला, तेव्हा त्यांनी नाक मुरडले. नवे प्रमुख मायकेल एडवर्ड्स यांनी तो बदलायला लावला. तीच गाडी रूप पालटून 1980 मध्ये मेट्रो म्हणून आली आणि चांगली खपली. ब्रिटिश लेलँडच्या धडपडीतला हा दुर्मीळ सुखान्त. पुढच्याच वर्षी आलेली ट्रायम्फ अक्लेम मात्र मुळात होंडाचीच गाडी होती.

कंपनीचे मालक त्यानंतर बदलत गेले: 1988 मध्ये ब्रिटिश एरोस्पेस, 1994 मध्ये बीएमडब्ल्यू आणि 2000 मध्ये अवघ्या 10 पौंडांत फीनिक्स गट. एमजी रोव्हर या शेवटच्या अवतारात आरडीएक्स60 या नव्या मधल्या आकाराच्या गाडीचे काम सुरू झाले. पण ते काम सोपवलेली टीडब्ल्यूआर ही अभियांत्रिकी संस्थाच 2003 मध्ये बुडाली. छोट्या गाडीची पोकळी भरायला त्याच वर्षी पुण्याहून टाटांची इंडिका नेली. बिल्ला बदलून ती ‘सिटीरोव्हर’ नावाने इंग्लंडात विकायला ठेवली. किंमत चढी लावल्याने तिला फारशी मागणी आली नाही. एप्रिल 2005 मध्ये लाँगब्रिज बंद पडले आणि सुमारे 6,000 कामगार एकदम घरी बसले. यंत्रसामग्री आणि एमजी हे नाव चीनच्या नानजिंग कंपनीने घेतले. जॅग्वार आणि लँड रोव्हर तोवर फोर्डकडे होत्या. बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवलेले रोव्हर हे नावही 2006 मध्ये फोर्डनेच घेतले. 2008 मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून हे सगळे 2.3 अब्ज डॉलरला विकत घेतले. नुसत्या रोव्हर नावाची नवी गाडी टाटांनी अद्याप काढलेली नाही.